हरवला आहे : एक कॉम पोर्ट

बँकेत माणूस पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकतो : जे लेजरला नाही, ते जगात नाही. खातेदार स्वतः समोर उभा असो, हातात पासबुक असो, डोळ्यांत पाणी असो; लेजरला खातं सापडत नसेल तर तो गृहस्थ आमच्या दृष्टीने अजून जन्मायचाय. बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात या सिद्धांताने मला कधी दगा दिला नाही. तो दिला गेल्या दिवाळीच्या तोंडावर, मामींच्या माळ्यावरच्या एका लॅपटॉपने.

लॅपटॉप मामांचा. मामाही बँकेतलेच, पण आमच्या नव्हे, दुसऱ्या. आणि युनियनचे कडवे. बँकांत यंत्रं आणण्याबद्दल युनियनांशी करार झाला 1983 साली, आणि रंगराजन समितीचा अहवाल आला 1984 साली. त्या दिवसांत मामांनी काँप्युटरच्या विरोधात फलक धरून दोन मोर्चे काढले होते. तो फलक पुढे बरीच वर्षं मामींच्या मोरीचं दार अडवायला उपयोगी पडला. अशा या मामांना 1999 साली त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या मामेभावाने, अमेरिकेहून येताना लॅपटॉप आणून दिला. काळा, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा जड. मामा चार दिवस त्याच्याकडे पाठ करून बसले. पाचव्या दिवशी टाइप करायला लागले, आणि मग थांबले नाहीत.

पुढे 2001 साली मामांनी वाड्यातली जागा सोडली आणि फ्लॅट घेतला. मुलाला विचारलं नाही. मुलाला राग आला. त्यानंतर फोनवर मामी बोलत आणि मामा पेपर वाचत. मामा 2004 साली गेले, तोवर त्यांचा बराच पेपर वाचून झाला होता.

“ते रोज संध्याकाळी त्याच्यावर टकटक करायचे,” मामी म्हणाल्या. “काय लिहिलंय ते मला कागदावर काढून दे.”

“मामी, आत्ता देतो,” मी म्हणालो. बँकेतल्या माणसाने ‘आत्ता’ हा शब्द वापरू नये, हे मी तेव्हा विसरलो.

लॅपटॉप चालू झाला, हे पहिलं आश्चर्य. पडद्यावर तारीख आली 1 जानेवारी 1980. त्या दिवशी अस्मादिक पाळण्यात होते. कारण सोपं होतं. यंत्राच्या पोटात एक बारीकशी बॅटरी असते. वीज नसताना तारीख-वेळ आणि घरातल्या व्यवस्था लक्षात ठेवायचं काम तिचं. ती मेली की यंत्र सगळं विसरतं आणि कारखान्यातून निघालं त्या दिवशीच्या समजुतीवर पुन्हा जगायला लागतं. आमच्या शाखेत असे दोन अधिकारी आहेत.

मामांची पत्रं सापडली. मराठी, पण इंग्रजी लिपीत. त्यामुळे ‘मी बरा आहे’ आणि ‘मी बारा आहे’ यांत फरक कळत नव्हता. आता ती बाहेर काढायची कशी? फ्लॉपीची पेटी हरवलेली. सीडीची तबकडी फिरेना. पेन ड्राइव्ह लावला तर विंडोज 98 ने त्याला ओळख दाखवली नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, खोलून हार्ड डिस्क काढू.” मामी म्हणाल्या, “त्यांच्या वस्तूला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही.” आमच्या चिरंजीवांनी पडद्याचे मोबाइलवर तीन फोटो काढून दाखवले. मामींनी ते हातानेच बाजूला सारले. “मला पत्र हवंय. पत्राचा फोटो काय करू?”

उरला फक्त मागच्या बाजूचा नऊ टाचण्यांचा सिरियल पोर्ट. केबल जोडली आणि विंडोजच्या यादीत पाहिलं. कॉम 1 नाही, कॉम 2 नाही. मागे हात लावला तर पोर्ट हाताला लागतोय, आणि लेजरला खातं नाही!

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. कंटाळा येईल त्यांनी चहा ठेवावा. चहा होईपर्यंत संपेल.

सिरियल म्हणजे एकामागून एक. रेशनच्या रांगेसारखं. एका वेळी एकच ठिपका तारेवरून जाणार, मागचा पुढच्याला ढकलणार नाही. ही रीत काँप्युटरहून कितीतरी जुनी. एमिल बोदो नावाच्या फ्रेंच तारखात्यातल्या माणसाने 1874 साली पाच-पाच खुणांत अक्षर पाठवण्याची पद्धत पेटंट केली. वेग मोजायचा ‘बॉड’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. टेलिप्रिंटरवाल्यांनी पुढे प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘ऐका’ आणि शेवटी एक ‘संपलं’ अशी खूण जोडली. आमचे सिरियल पोर्ट आजही हेच करतात. म्हणजे लॅपटॉपच्या मागे तारखात्याचं एक छोटं उपकार्यालय बसवलेलं असतं म्हणा ना.

त्याची नियमावली केली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने, 1960 साली. नाव आरएस-232. म्हणजे हा पोर्ट आणि आपलं महाराष्ट्र राज्य एकाच वर्गातले. त्याची तिसरी आवृत्ती 1969 साली आली आणि तीच जगभर चालली. या नियमावलीत एक गंमत आहे. तारेवर ऋण दाब असला की ‘एक’, आणि धन असला की ‘शून्य’. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे वाचून घेरी येते. उण्याची बाजू ती जमेची, आणि जमेला शून्य! पण मग माझ्या लक्षात आलं की माझं सेव्हिंग्ज खातं वर्षानुवर्षं याच पद्धतीने चालू आहे.

नियमावलीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिची रीतभात. दोन यंत्रं एकदम बोलायला लागत नाहीत. एका तारेवर हा सांगतो, ‘मी हजर आहे.’ दुसरीवर तो सांगतो, ‘मीही आहे.’ मग हा विचारतो, ‘बोलू का?’ तो म्हणतो, ‘बोला.’ मगच पहिलं अक्षर निघतं. आमच्या घरात ही नियमावली लागू करण्याचा प्रस्ताव मी मांडला होता. ‘बोलू का’पर्यंत पोचलो. ‘बोला’ अजून यायचंय.

हा पोर्ट मुळात जन्मला तो मोडेमशी बोलण्यासाठी. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी. तिच्यातून शून्य-एक जात नाहीत. म्हणून मोडेम त्या आकड्यांचा आवाज करतो, आणि पलीकडचा मोडेम आवाजाचे पुन्हा आकडे. अमेरिकेतल्या बेल कंपनीचा 1962 सालचा मोडेम सेकंदाला 300 ठिपके पाठवी, म्हणजे साधारण तीस अक्षरं. पण त्या काळी तिथे फोनच्या तारेला परकी वस्तू जोडायची बंदी होती. म्हणून लोक रिसिव्हर उचलून मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत उलटा झोपवत. टेक्ससचा टॉम कार्टर आपल्या ‘कार्टरफोन’साठी भांडला, आणि 1968 साली तिथल्या सरकारी आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे परकी वस्तू घरात घ्यायची मोकळीक झाली. डेनिस हेझच्या कंपनीने 1981 साली हुकूम ऐकणारा मोडेम काढला. इंग्रजी ए आणि टी ही दोन अक्षरं आधी लिहायची, म्हणजे ‘अटेन्शन’, सावधान; मग हुकूम. त्याच वर्षी आयबीएमचा पीसी आला. त्याच्या सिरियल पोर्टला पंचवीस टाचण्या होत्या. 1984 च्या एटी मॉडेलपासून नऊ झाल्या. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमकडून, आणि ते याच मोडेमच्या किंकाळ्यांतून. मग 1996 साली यूएसबी आली आणि सिरियल पोर्टवाले हळूहळू सेवानिवृत्त झाले.

चहा झाला असेल. तर आमचा पोर्ट गेला कुठे?

पीसीच्या घरात प्रत्येक खात्याला साहेबाला हाक मारायला एक घंटी असते. या घंट्या सोळाच. कॉम 1 आणि कॉम 3 यांना मिळून चार नंबरची घंटी, कॉम 2 आणि कॉम 4 यांना मिळून तीन नंबरची. एका घंटीवर दोन कारकून! दोघांनी एकदम वाजवली की साहेब नेमका चुकीच्या टेबलाकडे बघणार. लॅपटॉपमध्ये आतला मोडेम कॉम 3 वर बसलेला; वर इन्फ्रारेड नावाचा एक लाल डोळा कॉम 2 वर. म्हणून कारखान्याने काय केलं, तर भांडणच नको म्हणून सिरियल पोर्ट बंद ठेवूनच यंत्र विकलं. मामेभावाने 1999 साली तो चालू करून दिला असणार. पण बॅटरी मेली, यंत्र विसरलं, आणि पोर्ट पुन्हा कारखान्यातल्यासारखा बंद झाला. पोर्ट हरवला नव्हता. त्याची नोंद नव्हती.

यंत्र चालू होता होता एक कळ दाबून मी सेटअपच्या निळ्या पडद्यात शिरलो आणि पोर्ट चालू केला, कॉम 1 वर. पोर्ट आला, मोडेम मुका झाला. चार नंबरची घंटी! पुन्हा आत शिरलो. लाल डोळा मिटवला, त्याची जागा पोर्टला दिली. कॉम 2, घंटी तीन. दोघेही जागेवर आले. बदलीच्या ऑर्डरी काढण्यात एवढं सुख असतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. फक्त वीज बंद करायची नव्हती. नाहीतर परत 1980.

पत्रं पाठवण्याआधी मी ती कुठे ठेवलीत ते नीट पाहिलं आणि जरा थबकलो. सगळी मुलाच्या नावाने. अकरा. पहिलं वाडा सोडल्याच्या आठवड्यातलं. आणि अकराही ‘आउटबॉक्स’मध्ये.

संगणकात आउटबॉक्स म्हणजे जायची थांबलेली टपाल. पण मामा बँकेचे. आमच्याकडे आउटवर्ड रजिस्टरला पत्र चढलं की ते गेलं. मामा लिहीत, ‘सेंड’ दाबत, पत्र आउटबॉक्सला चढे. मग इंग्रजीत काहीतरी खिडकी येई आणि खाली ‘ओके’ असे. जिथे ओके दिसेल तिथे सही करायची, ही चाळीस वर्षांची सवय. मामा ओके करत आणि उत्तराची वाट बघत. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी पेपर वर धरला. तिकडे मुलगा पत्राची वाट बघत होता.

मी मामींना काही बोललो नाही. आधी काम. मामांच्या यंत्रावर हायपरटर्मिनल, माझ्या यंत्रावर तसाच एक प्रोग्रॅम, मध्ये उलट्यापालट्या तारांची केबल. ही उलटापालट का, तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागावं म्हणून. वेग 9600, एका अक्षराला दहा ठिपके, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. अकरा पत्रं मिळून एकवीस हजारांच्या आसपास अक्षरं. बावीस सेकंदांत सगळी माझ्याकडे आली. बावीस सेकंद! तेवढ्या वेळात आमच्या शाखेत टोकनसुद्धा मिळत नाही.

मग मला राहवेना. ती गेली का नाहीत? फोनची वायर यंत्रापासून काढून लॅपटॉपच्या मोडेमला लावली आणि हुकूम दिला : माझ्या मोबाइलचा नंबर फिरव. उत्तर आलं, ‘नो डायलटोन’. हीच ती खिडकी, मामांनी सही केलेली. फ्लॅटमधला फोन सोसायटीच्या इंटरकॉममधून जातो. त्याचा सूर वाड्यातल्या सरळ लाइनच्या सुरासारखा नाही. मोडेम ओळखीचा सूर ऐकू येण्याची वाट बघतो, तो येत नाही, म्हणून नंबरच फिरवत नाही. याला औषध आहे. हुकुमात ‘एक्स 3’ एवढंच घालायचं. अर्थ : सुराची वाट बघू नकोस, फिरव. मी घातलं. माझ्या खिशातला मोबाइल वाजला. कानाला लावला तर पलीकडून थांबून थांबून एक बारीक ‘टूं... टूं...’

मामींना मग सगळं सांगितलं. त्या बराच वेळ लॅपटॉपकडे बघत होत्या.

“पाठव त्याला,” त्या म्हणाल्या.

“मामी, वीस वर्षांवर होऊन गेली. आता उगीच...”

“तुमच्या बँकेत आउटवर्डला चढलेलं पत्र कोणी फाडून टाकतं का रे?”

नियम बिनतोड होता. माझ्या यंत्रावरून अकरा पत्रं गेली. आमच्याकडे संध्याकाळ होती, तिकडे सकाळ. मामींनी चष्मा पुसला आणि मी छापून दिलेलं पहिलं पत्र हातात धरून बसल्या. वाचत नव्हत्या, नुसतं धरलं होतं.

अर्ध्या तासाने मामांच्या पडद्यावर, मी काही न दाबता, एक शब्द उमटला : ‘रिंग’. खाली पुन्हा : ‘रिंग’. मी घाबरून बघत राहिलो. मामी म्हणाल्या, “अरे, फोन वाजतोय तो! वायर त्यात आहे ना!”

घाईघाईत वायर काढायची सोडून मी ‘उचल’चा हुकूम दिला. मोडेमने इमानाने फोन उचलला आणि वीस वर्षं दाबून ठेवलेली किंकाळी पलीकडच्या कानात मारली. मी वायर उपटली, यंत्राला लावली, रिसिव्हर मामींच्या हातात दिला. फोन पुन्हा वाजेपर्यंतची दोन मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही.

“आई,” मामेभाऊ म्हणत होता, “मघाशी फोन बाबांच्या मोडेमनं उचलला का गं?”