वास्तुजतन-अनुदान, खानदेशातील : जोखीम व तिचे नियोजन

ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू, तिचे अवशेष अथवा तीत सांभाळलेला दप्तरसंग्रह यांच्या रक्षणासाठी शासन, धर्मादाय न्यास किंवा उद्योगसंस्था विशिष्ट अटींवर जे द्रव्यसाहाय्य देतात, त्यास वास्तुजतन-अनुदान म्हणतात. हे द्रव्य फेडावयाचे नसले तरी अटींनी बांधलेले असते. म्हणून अर्ज नामंजूर होणे ही अर्जदाराची सर्वांत लहान जोखीम होय. अपुऱ्या कागदांवर व अंदाजाने मांडलेल्या आकड्यांवर तो मंजूर होणे ही तीहून कितीतरी मोठी. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यातील नरडाणा हे मुंबई–आग्रा महामार्गावरील व सूरत–भुसावळ लोहमार्गावरील गाव या विषयाच्या विवेचनास सोयीचे आहे. कारण एकीकडे तेथे औद्योगिक वसाहत आहे, तर दुसरीकडे तापीकाठच्या जुन्या गढ्या, धाब्याची घरे, घाट आणि मुडावद येथील तापी–पांझरा संगमावरील कपिलेश्वरासारखी देवस्थाने त्याच्या परिसरात आहेत.

पूर्वपीठिका : देवळे, मठ व धर्मशाळा यांच्या दिवाबत्तीसाठी आणि दुरुस्तीसाठी इनाम जमिनी तोडून देण्याची वहिवाट मराठी राज्यात होती, आणि तिचा आधार सनद हा असे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, आणि पुढे १८५२ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा ज्यांच्यापाशी सनदा व वहिवाटीचे पुरावे होते त्यांचे हक्क टिकले आणि ज्यांची दप्तरे वाळवीने खाल्ली होती त्यांना ते शाबीत करणे दुर्घट झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तल्यावर त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. वास्तूइतकेच तिचे कागदही जतनास पात्र असतात, ही जाणीव खानदेशात तेव्हापासून रुजलेली आहे.

द्रव्याचे स्रोत : केंद्रशासनाने १९९६ मध्ये स्थापिलेला राष्ट्रीय संस्कृती निधी, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या योजना, जिल्हा वार्षिक योजना आणि खाजगी न्यास हे प्रमुख स्रोत होत. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंच्या पुनरुद्धाराचा समावेश असल्यामुळे, कलम १३५ च्या मर्यादेत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा जो २ टक्के भाग सामाजिक दायित्वासाठी खर्चावा लागतो, त्यातूनही असे काम होऊ शकते. आणि आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असा त्या कायद्याचाच संकेत असल्याने औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावांना ही वाट विशेष जवळची. मात्र कंपनीच्या संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदविले नसेल, तर वर्षात न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांच्या आत केंद्राने निर्दिष्ट केलेल्या निधीत भरावी लागते. म्हणून काम एका वर्षात उरकणारे नसेल तर तशी नोंद आरंभीच करून घेणे अगत्याचे असते.

मालकी व दप्तर : पहिली जोखीम हक्काची. गावठाणातील वाड्यास सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर-आकारणीचा उतारा असून मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेल्या गढीचे हिस्सेदार मुंबई-सुरतेस पांगलेले असतात. काम सुरू झाल्यावर एखाद्या हिस्सेदाराने मनाईहुकूम आणला, तर काम थांबते आणि अनुदानाची मुदत मात्र चालूच राहते. यास्तव सर्व हिस्सेदारांची लेखी संमती, मिळकत पत्रिका असल्यास तिची नक्कल, आणि अर्जदार सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्तांतील फेरबदलांची धर्मादाय आयुक्तांकडील अद्ययावत नोंद ही कामे अर्जापूर्वीच पुरी करावीत. न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास किंवा दीर्घ मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, हेही करारातील अटी मान्य करताना विसरू नये.

संरक्षणाचा दर्जा : वास्तू केंद्र-संरक्षित आहे, राज्य-संरक्षित आहे की असंरक्षित, यावर अर्ज कोणाकडे करावयाचा व दुरुस्ती कोणी करावयाची हे ठरते. साक्री तालुक्यातील बळसाणे येथील देवळांसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिषिद्ध व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. त्या कक्षेतील असंरक्षित वाड्याच्या दुरुस्तीसही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. परवानगी हाती येण्यापूर्वी कामाच्या तारखा लिहून देणे म्हणजे मुदतभंगाची तजवीज स्वतःच करून ठेवणे होय.

अंदाजपत्रक व हंगाम : पायाखालची काळी माती उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भिंतीला गेलेली चीर नुसती भरून काढण्याचा खर्च लिहिला आणि पायाची तपासणी वगळली, तर अंदाजपत्रक कामाच्या पहिल्याच महिन्यात कोलमडते. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आत कोंडून भिंत पोखरली जाते. परंतु शासकीय दरसूचीत सिमेंटकामाचे दर सहज सापडतात म्हणून अर्जात तेच लिहिण्याचा मोह होतो. चुन्याची घाणी, जुन्या मापाचे सागवान व कुशल गवंडी यांचे दर स्वतंत्र दरविश्लेषणाने सिद्ध करावे लागतात. शिवाय चुना सावकाश मुरतो. चैत्र-वैशाखाच्या खानदेशी उन्हात तो वेळेआधी सुकून भुसभुशीत होतो आणि पावसात कामच होत नाही, म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचे महिने या कामाचे खरे. शासकीय वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने उशिरा मिळालेला हप्ता घाईने खर्चण्याचा तगादा नेमका अयोग्य ऋतूत येतो. हंगामाचे वेळापत्रक आणि आकस्मिक खर्चाची तरतूद अर्जातच स्पष्ट मांडणे हा त्यावरील उपाय.

जमाखर्च : बहुतेक अनुदाने हप्त्यांनी मिळतात, आणि काही योजनांत संस्थेचा स्वहिस्सा आधी खर्चावा लागतो; लोकवर्गणीचे आश्वासन ही रोकड नव्हे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार विनियोगाचा दाखला नमुना १२-अ मध्ये, वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. आधीच्या अनुदानाचा दाखला थकला असेल तर पुढील द्रव्य अडते. अनुदानावरील व्याज संस्थेचे नसते, त्यातून निर्माण झालेली मालमत्ता पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही, आणि हिशेब महालेखापरीक्षकांच्या तपासणीस खुले राहतात. एकाच कामासाठी दोन ठिकाणांहून द्रव्य घेतल्यास ते उघड करावे. स्वतंत्र बँकखाते, मोजमाप पुस्तक, देयकांच्या फायली आणि कामाआधीची, चालू असतानाची व नंतरची छायाचित्रे यांची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

परकीय द्रव्य : परदेशस्थ मराठी कुटुंबांनी गावच्या देवळासाठी द्रव्य देऊ केले तरी दात्याचे नागरिकत्व प्रथम पाहावे लागते. भारतीय नागरिकाने आपल्या वैयक्तिक बचतीतून दिलेली रक्कम परकीय अंशदान ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, आणि ती स्वीकारण्यास २०१० च्या परकीय अंशदान (विनियमन) अधिनियमान्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे द्रव्य स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावे लागते आणि ते दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही.

नियोजनाचे तत्त्व : प्रत्येक जोखमीपुढे तिचा जबाबदार विश्वस्त, उपाय व तारीख लिहिलेला तक्ता संस्थेने ठरावाने मान्य करावा, मोठ्या कामाचे स्वयंपूर्ण टप्पे पाडावेत, म्हणजे पुढचा हप्ता न आल्यास वास्तू अर्धवट उघडी पडत नाही. हक्काचे कागद वा सद्यःस्थितीचा अहवाल तयार नसेल, तर अर्ज एक वर्ष पुढे ढकलणे श्रेयस्कर. त्या वर्षात स्थानिक वर्गणीतून धाब्यावर खारी माती टाकणे, पन्हळी मोकळ्या करणे आणि पायालगतचे सांडपाणी दूर वळविणे एवढे केले, तरी पुष्कळशी हानी टळते, आणि पुढील अर्जास संस्थेच्या निष्ठेचा तो पुरावाही होतो.