अक्षरांचं बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलताना काचसामानाच्या खोक्यावर ‘नाजूक’ असं लिहायची पद्धत आहे. कॉम्प्युटर बदलताना तेच मराठी फायलींवर लिहायला हवं.

आमच्या वांद्र्याच्या घरातला जुना कॉम्प्युटर वडिलांचा. निवृत्तीनंतर त्यांनी त्यावर आठवणी लिहिल्या होत्या: सरकारी वसाहत, मोतमाउलीची जत्रा, खाडीचा वास आणि आईचं पहिलं पत्र. वडील गेले, पाठोपाठ कॉम्प्युटरही आचके देऊ लागला. भाच्याने दहा मिनिटांत सगळ्या फायली नव्या कॉम्प्युटरवर आणल्या. उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं! कोणी टोपी घातलेलं, कोणाला शेपूट फुटलेलं.

“मामा, फायली सेफ आहेत.”

“अरे, पण वाचता येत नाहीत!”

“तो वेगळा इश्यू आहे.”

ह्या वेगळ्या इश्यूला इतिहास आहे. कॉम्प्युटर जन्माने इंग्रजी वळणाचा. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये खोल्या फार तर २५६. चाळीत पोटभाडेकरू ठेवावेत तशी आपली अक्षरं तिथे राहिली. काना एका खोलीत, वेलांटी दुसरीत. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर आपली कितीतरी पुस्तकं जुळली गेली, पण प्रत्येकाचं खोलीवाटप निराळं. फाइलमध्ये नोंद फक्त खोलीच्या नंबरची. तो फॉन्ट नसला, की दार वाजवल्यावर मूळ इंग्रजी मालकच बाहेर येतो!

१९९१ साली भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरवलं. त्याच साली जगभरच्या लिपींचं युनिकोड आलं. त्यात ‘क’ला २३२५ हा स्वतःच्या मालकीचा नंबर मिळाला. २००० सालच्या विंडोजबरोबर मंगल फॉन्ट आला आणि देवनागरी घरोघर पोचू लागली. ‘ॲ’ला मात्र स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर आम्हांला ॲसिडिटी होती, पण तिचं पहिलं अक्षर उसनवारीचं!

वडिलांच्या फायलींना इलाज निघाला. जुन्या कॉम्प्युटरने शेवटच्या घटकेला फॉन्टचं नाव सांगितलं. ते कळल्यावर भाच्याने खोल्यांचे नंबर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर शोधला. काही जोडाक्षरं मोडली, पण आईचं पत्र शाबूत निघालं. तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याला फॉन्टचं नाव विचारून घ्यावं.

माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे. तिच्यातले कागद मोडीत. ते हलवायला कन्व्हर्टर कुठला आणणार? मोडी गेल्या शतकाच्या मध्यात व्यवहारातून गेली, वाचणारे विरळ झाले. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात छापून निघाले. केवढं बिऱ्हाड हललं ते! तरी पुण्याच्या दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेतच. त्यांना वाळवी लागू नये म्हणून जपणूक होते, ती हवीच. पण शाबूत राहिलेला कागद वाचणाऱ्याची वाट बघतो.

म्हणून भाच्याला मोडीच्या वर्गात घालायचा विचार आहे. तो म्हणतो, “मामा, त्याचं ॲप येईल.”

येईलही. पण त्या ॲपला शिकवायला मोडी येणारा माणूस लागेलच की!