खेळाडूंचे हृदय
खेळाडूंचे हृदय : दीर्घकालीन व्यायामामुळे वाढलेले हृदय. १८९९ मध्ये स्वीडिश वैद्य हेन्शेन यांनी स्की-शर्यतींतील स्पर्धकांच्या छातीवर बोटांनी ठोकून ही वाढ ओळखली व ती हितकारक मानली. परंतु उच्च रक्तदाबातही हृदय वाढत असल्याने ती रोगसूचक असावी, अशी शंका दीर्घकाळ टिकून राहिली. १९७५ मध्ये मॉर्गनरॉथ व सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनींच्या साहाय्याने धावपटूंमध्ये डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) पोकळी, तर कुस्तीगिरांमध्ये त्याची भित्ती वाढल्याचे दाखविले. दोन्ही प्रकारच्या वाढीत मुख्यतः असलेल्याच स्नायुकोशिका मोठ्या होतात. मात्र व्यायाम थांबविल्यास ही वाढ बहुधा ओसरते. रोगात कोशिका मरून त्यांच्या जागी तंतुमय ऊतक साचते व आकुंचनशक्ती क्षीण होत जाते. म्हणून केवळ आकारावरून निदान करीत नाहीत.