पवईची इस्टेट आणि आश्विनातले ऊन

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवली ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथील बागायतीचा इतिहास बहुधा पट्टे, सारा आणि विहिरी यांच्या आधारे सांगितला जातो. परंतु कोवळ्या रोपाला सावलीतून उन्हात आणण्याची कला हाही त्या इतिहासाचा तितकाच मोलाचा भाग आहे. पवईची इस्टेट 1799 मध्ये डॉ. स्कॉट यांना आणि पुढे 1829 मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी यांना पट्ट्याने मिळाली. फ्रामजींनी तेथे विहिरी खोदल्या, ऊस आणि नीळ लावली, रेशमासाठी तुतीची लागवड केली, आणि 1838 मध्ये मुंबईचे आंबे राणी व्हिक्टोरियाकडे रवाना केले. या कर्तबगारीचे श्रेय फ्रामजींना मिळाले ते योग्यच. मात्र कोणतीही बाग उभी राहते ती रोपांवर रोज नजर ठेवणाऱ्या माळ्याच्या बळावर, हे विसरता येत नाही.

आंब्याची जात राखायची तर कलम करावे लागते, आणि पोर्तुगीज अमलात गोव्यात रुजलेली कलमाची विद्या कोकण किनाऱ्यावर दीर्घकाळ भेट कलमाच्या रूपात चालत आली. या पद्धतीत मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत पोहोचेल असे बांबूचे मचाण बांधून त्यावर रोपांच्या कुंड्या मांडतात, रोपाची आणि फांदीची साल सारख्या लांबीने तासतात आणि दोन्ही जखमा भिडवून सुतळीने घट्ट आवळतात. सांधा जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रोप आंब्याच्या गर्द छायेत वाढते, आणि खरी अडचण तेथेच निर्माण होते. सावलीत आलेले पान रुंद पण पातळ असते. त्याच्यावरचा मेणासारखा थर विरळ असतो, आणि पेलवेल त्यापेक्षा अधिक प्रकाश एकाएकी पडला की पानातील अन्ननिर्मितीची यंत्रणाच बिघडते, पान आधी फिकट पडते व मग करपते. असे जुने पान पुढे उन्हाला फारसे सरावत नाही. झाडाला नवी, जाड पाने काढावी लागतात, आणि त्यासाठी काही आठवडे द्यावे लागतात. म्हणून फांदीपासून तोडलेले कलम आधी सावलीत ठेवतात, नंतर केवळ सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि शेवटी उघड्यावर.

पावसाळ्यात लावलेल्या कलमाच्या बाबतीत साष्टीचे हवामान मोठा चकवा देते. आषाढ-श्रावणात आभाळ झाकोळलेले असल्यामुळे रोप जोमाने वाढते आणि ते मार्गी लागले असे वाटते, परंतु आश्विनात ढग ओसरताच, ज्याला मुंबईकर ऑक्टोबर हीट म्हणतात ते ऊन त्या कोवळ्या पानांवर थेट पडते. लागवडीचा मुहूर्त जूनचा असला, तरी रोपाची पहिली कसोटी ऑक्टोबरमध्ये लागते. 1972 मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या काळात कोय कलम रूढ झाले. त्यात नुकत्याच उगवलेल्या कोयीच्या तांबूस, लुसलुशीत रोपावरच कलम बांधले जाते, त्यामुळे मचाणाचा खटाटोप संपला. सावलीची गरज मात्र उरलीच. आजच्या रोपवाटिकेत ती हिरव्या जाळीने भागते, तर वाडीत नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा झाप रोपाच्या दक्षिण-पश्चिम अंगाला तिरपा रोवतात, जेणेकरून सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे अडते. टोकाची तांबूस पालवी गर्द हिरवी होऊन बोटांना जाडसर लागली, की मगच तो झाप काढतात.