तळटीप : माळावरचा दगडी चक्रव्यूह

१. सातारा-सांगलीच्या माळांवर दगड मांडून केलेली, एकच वाट वळणावळणाने मध्यापर्यंत नेणारी ही आकृती क्रीट बेटावरील नॉसस नगरीच्या नाण्यांवर आढळते. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतही ती एका खांबावर कोरलेली सापडली. रोमन जगाशी दख्खनचा व्यापार होता, यात शंका नाही. सातवाहन काळात कऱ्हाड (तेव्हाचे करहाटक) नामांकित नगर होते. शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला पोसायडन या सागरदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तरीही केवळ आकारसाम्यावरून लेखकाने या मांडण्यांना ‘रोमन’ म्हणणे मला घाईचे वाटते. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात, बाराव्या शतकात, अभिमन्यूचा चक्रव्यूह याच वळणांनी कोरला आहे. म्हणजे पॉम्पेईनंतर हजार वर्षांनीही ही आकृती दक्षिणेत जिवंत होती. मोकळ्या दगडांचा काळ ठरवायचा तर त्यांच्याखालची मातीच उपयोगी पडते. म्हणून अशी मांडणी दिसल्यास एकही दगड हलवू नये, पुरातत्त्व विभागाला कळवावे. — संपादक