एलईडी बल्ब घेताना वॅट नव्हे, ल्युमेन बघा

दुकानात गेल्यावर आपण अजूनही "नऊ वॅटचा द्या" असंच म्हणतो. ही सवय जुन्या पिवळ्या बल्बची. वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते; उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. ६० वॅटचा जुना बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा. तेवढा उजेड आता ७ ते ९ वॅटचा एलईडी देतो. खोक्यावरच्या ल्युमेनला वॅटने भागा. ९ वॅटला ९०० ल्युमेन असतील तर वॅटमागे १००. याच्या खालचा बल्ब मी तरी घेत नाही.

आता बिलाचं बघू. रोज ५ तास लावला तर ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा बल्ब वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचवतो. पण ९ च्या जागी ७ वॅटचा घेतला तर? जेमतेम साडेतीन युनिट! मग ल्युमेनची एवढी घासाघीस कशाला? तर उष्णतेसाठी.

जी वीज उजेडात बदलत नाही ती बल्बच्या आतच तापते, आणि खालच्या भागात ड्रायव्हर बसलेला असतो. २३० व्होल्टची एसी वीज एलईडीला लागेल तशी करून देणारं हे छोटं सर्किट. त्यातला कपॅसिटर सतत तापला की वाळत जातो. मी बंद पडलेले बरेच बल्ब उघडून बघतो. कधी ड्रायव्हर गेलेला असतो, तर कधी एखाद्याच एलईडीवर काळा ठिपका दिसतो. सगळे एका ओळीत जोडलेले, त्यामुळे दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक गेला की सगळे गेले. स्वस्त बल्बमध्ये एलईडी कमी बसवून प्रत्येकातून जास्त करंट सोडतात. खर्च वाचतो, आयुष्य घटतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे फिलिप्सने दुबईसाठी केलेला 'दुबई लॅम्प'. फक्त ३ वॅटमध्ये ६०० ल्युमेन, म्हणजे वॅटमागे २००! जादू काही नाही, एलईडी जास्त वापरले आणि प्रत्येकावरचा भार कमी ठेवला. तंत्रज्ञान आहे हो, फक्त ते आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात दिसत नाही.

खोक्यावरचे '२५,००० तास' म्हणजे रोज ५ तासांनी साडेतेरा वर्षं. पण हा आकडा सहसा एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, ड्रायव्हर तेवढा टिकेलच असं नाही. बंद काचेच्या गोळ्यात बल्ब लावला तर गरम हवा बाहेर जात नाही, तिथे तो आणखी लवकर जातो.

लुकलुक तपासायची असेल तर मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना दिसला तर अभ्यासाच्या टेबलावर तो बल्ब नको. स्वयंपाकघरात सीआरआय ९० चा मिळाला तर उत्तम, भाजीचा रंग खरा दिसतो. रंगाचं म्हणाल तर बसायच्या खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर, बाकी आवडीनुसार.

बीआयएसचा आर-नंबर आणि बीईईचे स्टार खोक्यावर असायलाच हवेत. दुकानदार बल्बच्या कॉलरवर पेनने तारीख टाकतो ती पुसू देऊ नका आणि बिलही ठेवा. वॉरंटीत बल्ब बदलून मागताना तेच लागतं.