एक इंजिन, दोन देश: राजदूत ३५० ते यामाहा बॅनशी

आजचा भाग एका जुन्या गाडीवर आहे. चार जाड टायर, बाइकसारखं हँडल, किक मारून सुरू होणारी, आणि रिव्हर्स गियर नसलेली. अमेरिकेत याला स्पोर्ट क्वॉड म्हणतात. अलिबागच्या बीचवर पर्यटकांना फेऱ्या मारणाऱ्या एटीव्ही पाहिल्या असतील ना? त्यांचीच ही आडदांड थोरली बहीण.

मी फिनिक्समध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. बीटेक कॉम्प्युटरचं, म्हणजे पान्याशी संबंध शून्य. तरी दोन वर्षांपूर्वी मी २००१ ची यामाहा बॅनशी विकत घेतली. कारण होतं तिचं इंजिन. कोल्हापूरला माझ्या मामांकडे राजदूत ३५० होती. लहानपणी तिचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की आम्ही जेवणावरून उठून पळायचो. मामांनी ती पुढे विकली. कारण विचारलं की एकच उत्तर, "पेट्रोल पीत होती रे, आणि घरात तुझी मामी पण होती."

आता या दोन गाड्यांचं नातं सांगतो. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून भारतात राजदूत ३५० म्हणून विकली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. यामाहाने दरम्यान याच घराण्यात पाण्याने थंड होणारं इंजिन आणलं होतं, आरडी ३५० एलसी. त्याच वंशातलं इंजिन १९८७ मध्ये चार चाकांवर बसवलं, ती बॅनशी. आकडे तेच: ६४, ५४, ३४७.

पण क्वॉड आली कुठून? सुरुवात तीन चाकांपासून झाली. हिवाळ्यात अमेरिकेत बाइक विकल्या जात नाहीत, मग डीलरने करायचं काय, या प्रश्नातून होंडाने १९७० मध्ये फुग्यासारख्या टायरची तीनचाकी आणली. ती तुफान चालली. पण तीनचाकी वळणावर उलटायची, मुलं जखमी व्हायची, माणसं मरायची. शेवटी १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टात करार झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. तोवर चारचाकी आल्या होत्या. सुझुकीची एलटी२५०आर १९८५ ला, होंडाची टीआरएक्स२५०आर १९८६ ला, आणि मग बॅनशी. तिन्ही टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकच का? कारण फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत. वर व्हॉल्व्हची भानगड नाही, त्यामुळे वजन कमी. पण खरी जादू सायलेन्सरमध्ये आहे. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाचा इंजिनियर होता. धुराची लाट पाइपातून परत येते, आणि पाइपाचा आकार बरोबर असेल तर बाहेर निसटणारं ताजं मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, हे त्याने नीट बसवलं. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसी इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं! त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्या वर्षी सुझुकी ५० सीसीची विश्वविजेती. त्यानंतर जपानी टू-स्ट्रोकने मागे वळून पाहिलं नाही.

आता माझ्या गॅरेजमध्ये या.

माझ्या रूममेटकडे यामाहाची वायएफझेड४५० आहे, २००४ ला आलेलं मॉडेल. फोर-स्ट्रोक, ४३९ सीसी, पाच टायटॅनियम व्हॉल्व्ह. वाळूच्या चढावर तो मला दर वेळी मागे टाकायचा. त्याचं म्हणणं, "तुझं इंजिन म्हणजे म्युझियम आहे. पोर्टिंग कर, नाहीतर विकून टाक." पोर्टिंग म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली भोकं घासून मोठी करायची. वरच्या आरपीएमला ताकद वाढते, खालची कमी होते. आणि एकदा घासलेलं धातू परत येत नाही. आमच्या कामात चुकलं तर मागच्या व्हर्जनवर जाता येतं, इथे तशी सोय नाही.

दोन महिने वाद चालला. चार्ट काढले, व्हिडिओ पाहिले. शेवटी मी ठरवलं, पोर्टिंग करायचं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं होतं. त्याआधी मामांना व्हिडिओ कॉल केला, खरं तर शाबासकी घ्यायला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरा, दोन्ही सिलिंडर सारखा दम मारतायत का, ते बघितलंस?"

नव्हतं बघितलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, इंजिन नुकतंच नवं केलंय. मी विश्वास ठेवला.

त्याच रात्री कॉम्प्रेशन गेज लावला. उजवा सिलिंडर ११८ पीएसआय, डावा ९२. मग इंजिनची तोंडं बंद करून आत थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. डाव्या बाजूला, फ्लायव्हीलच्या मागच्या क्रँक सीलवर बुडबुडे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथे जास्तीची हवा शिरली की पेट्रोल कमी पडतं, आणि त्या पेट्रोलमध्येच ऑइल असतं. म्हणजे उष्णता जास्त, वंगण कमी. हेड उघडून सिलिंडर काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे.

मी तिथेच खाली बसलो. पोर्टिंग करून, अजून जोरात पिळून, मी हेच इंजिन टेकडीवर नेणार होतो. चढावर पिस्टन जाम झाला असता तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी लॉक. मामांना फोटो पाठवला. बराच वेळ काही आलं नाही. मग त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "माझी आंबा घाटात अशीच धरली होती. तुझी मामी मागं बसली होती. नशीब, क्लच दाबला गेला." गाडी का विकली याचं खरं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं.

नवे सील टाकले. मशीन शॉपमधून दोन्ही सिलिंडर ६४.५० ला बोअर केले, त्या मापाचे पिस्टन घातले. पेट्रोलमध्ये ऑइल ३२ ला १, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली. पोर्टला हात लावला नाही. ग्लॅमिसला रूममेट अजूनही पुढेच होता, पण थोडासाच. तो म्हणाला, "हे तेच इंजिन आहे?" खरं तर नव्हतं. दोन महिने आम्ही ज्या इंजिनच्या परफॉर्मन्सवर भांडत होतो, ते दीडच सिलिंडरवर चालत होतं.

मग कोण जिंकलं? इतिहासात फोर-स्ट्रोकच. अमेरिकेत २००६ पासून धुराचे नवे नियम लागू झाले आणि बॅनशीचं तिथलं ते शेवटचं वर्ष ठरलं. नियम चूक नव्हते. टू-स्ट्रोक ऑइल जाळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर टाकतं. मामांची गाडी पेट्रोल पीत होती, ते काही खोटं नव्हतं.

पण जुन्या इंजिनला "कमजोर" म्हणायच्या आधी ते निरोगी आहे का, एवढं तपासा. गेज स्वस्त मिळतो आणि काम दहा मिनिटांचं आहे.

मामा पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेत. मामी म्हणाली आहे, त्यांना चालवायला द्यायची नाही. मी "हो" म्हटलंय. बघू.

भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, काळजी घ्या!